आशा आणि आरोग्यदूतांच्या प्रशिक्षणासाठी निधी कसा मिळवायचा

आमच्या संस्थेला प्रशिक्षणासाठी पहिल्यांदा निधी मिळाला, तेव्हा चाळीस बायकांचा पाच दिवसांचा निवासी वर्ग आम्ही मोठ्या हौसेनं घेतला. थर्मामीटर, वजनकाटा, सेकंदकाटा दिसणारं घड्याळ, पिशवी, सगळं दिलं. शेवटच्या दिवशी प्रत्येकीनं बाळाचे श्वास मोजून दाखवले. तीन महिन्यांनी मी एका पाड्यावर गेले तेव्हा त्यातली एक ताई म्हणाली, ‘मॅडम, मोजता येतं, पण घड्याळ बंद पडलंय.’ सेल संपला होता. तालुक्याच्या गावी जायला एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तिनं तो आणला नव्हता. आणि आमच्या अंदाजपत्रकात वर्ग संपल्यानंतरच्या दिवसांसाठी एक रुपयाही नव्हता.

गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी, म्हणजे सरकारी योजनेतल्या आशा आणि संस्थांच्या स्वतःच्या आरोग्यदूतांसाठी, अर्ज करणाऱ्या लहान संस्थांना मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. पैसा वर्गासाठी मागू नका, वर्षभरासाठी मागा. कुठं जायचं, काय लिहायचं, हिशेब कसा ठेवायचा, हे सगळं पुढं सांगते, पण त्या सगळ्याच्या मुळाशी हा एकच मुद्दा आहे.

आधी तालुक्यात काय चाललंय ते पाहा

देणगीदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आशांना सरकार प्रशिक्षण देतंच, मग तुम्ही कशाला?’ प्रश्न रास्त आहे. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा हा हिशेब ठरला. त्यांच्या प्रशिक्षणाची पुस्तिकांवर आधारलेली रीतसर रचना आहे. सहाव्या आणि सातव्या पुस्तिकेतली कौशल्यं वीस दिवसांची, पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत शिकवायची असतात. कागदावर ही रचना उत्तम आहे.

म्हणून अर्जाआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं जा आणि तालुका समूह संघटकांकडून यादी मागा: कोणत्या आशेची कोणती फेरी झाली, कोण नव्यानं लागली, कुणाची फेरी अर्धवट राहिली. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांशी वेगळं बोला. कोणत्या गावची आशा मुंबईला गेली, कोणत्या पाड्यावर दोन वर्षं कुणीच नाही, कोण कामात हुशार आहे पण नोंदी लिहिताना अडते, हे त्यांना तोंडपाठ असतं. मग दहा-बारा आशांच्या घरी जाऊन प्रत्येकीला एकच गोष्ट करून दाखवायला सांगा. बाळाचं वजन घ्या, किंवा एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त असले तर ते धोक्याचं, हे बहुतेकींना पाठ असतं. रडत्या बाळाचे श्वास मोजायचे नसतात, ते शांत होईपर्यंत थांबायचं, हे हातात उतरलेलं असतं का, ते मात्र समोर बसल्याशिवाय कळत नाही.

या आठ दिवसांत जे कागद आणि जे अनुभव हाती येतात, त्यांनीच अर्ज उभा राहतो. ‘ग्रामीण भागात जनजागृतीचा अभाव आहे’ असं वाक्य लिहिणारे शंभर अर्ज कार्यालयात पडलेले असतात. ‘52 आशांपैकी 14 नव्या आहेत, त्यांची एकही कौशल्य-फेरी झालेली नाही, आणि जुन्यांपैकी आम्ही भेटलेल्या 12 जणींत 5 जणींकडं चालू वजनकाटा नाही’ असं लिहिणारा एखादाच. (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही काढा.)

जिल्हा परिषदेचं पत्र

आशा शासनाच्या आरोग्य यंत्रणेशी बांधलेल्या असतात. त्यांना वर्गाला बोलवायचं तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी हवी, आणि काम वर्षभराचं असेल तर जिल्हा परिषदेशी सामंजस्य करार केलेला बरा. या पत्राला वेळ लागतो. आम्हाला एकदा चार महिने लागले होते, त्या काळात अधिकारी बदलले आणि फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर गेली. म्हणून पत्राची मागणी अर्जाच्या बरोबरीनं नको, आधीच टाका. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट असू द्या: प्रशिक्षणाचे दिवस कोणते, त्या दिवसांत आशांच्या नेहमीच्या कामाचं काय, आणि वर्गात प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि उपकेंद्राच्या आरोग्यसेविका कोणते तास घेतील. ज्या आरोग्यसेविकेनं वर्गात शिकवलंय, ती पुढं त्याच आशेनं पाठवलेल्या बाळाला परत पाठवत नाही. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आशांऐवजी संस्थेच्या स्वतःच्या आरोग्यदूतांना शिकवणार असाल तर परवानगीचा भाग सोपा होतो, पण आशेला डावलून दुसरी बाई उभी केल्याचा समज गावात होतो. हा समज वर्ग सुरू होण्याआधीच ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत मिटवा.

पैसा कुठं कुठं असतो

सगळ्यात मोठा देशी झरा म्हणजे कंपन्यांचा सीएसआर. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ज्या कंपनीची नक्त मत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. आरोग्य त्या कामांच्या यादीत आहेच. कायदा कंपनीच्या कारखान्याजवळच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, तेव्हा मुंबईतल्या मुख्यालयाआधी आपल्या जिल्ह्यातल्या एमआयडीसीत चक्कर मारा.

संस्थेकडं मात्र काही कागद हवेतच: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराची 12ए (संस्थेला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी (नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, पण बोलण्यात अजून हेच आहेत), सरकारच्या ‘एनजीओ दर्पण’ या संस्थांच्या यादीतला क्रमांक, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडं सीएसआर-1 अर्ज भरून मिळालेला क्रमांक. हा क्रमांक 1 एप्रिल 2021 पासून बंधनकारक आहे. कंपनीनं स्वतः न काढलेल्या, आपल्यासारख्या स्वतंत्र संस्थेला अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. अजून एक कागद बरेच जण विसरतात: विश्वस्त बदलले असतील तर त्या बदलाचा, धर्मादाय कार्यालयात दिलेला फेरफार अर्ज मंजूर झालेला असणं. परिशिष्ट-1 वर, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदणीच्या उताऱ्यावर, दिवंगत अध्यक्षांचं नाव आणि अर्जावर नव्या अध्यक्षांची सही, या एका गोष्टीवर चांगले अर्ज थांबलेले मला माहीत आहेत.

सीएसआरमधली एक तांत्रिक गोष्ट आमच्यासारख्या कामाला फार महत्त्वाची आहे. कंपनीनं तुमचा प्रकल्प ‘चालू प्रकल्प’, म्हणजे एका वर्षाच्या पुढं जाणारा, म्हणून मंजूर केला तर न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येतो. तसं नसेल तर तो कायद्यानं सांगितलेल्या सरकारी निधीत भरावा लागतो. मग फेब्रुवारीत फोन येतो, ‘31 मार्चपर्यंत खर्च दाखवा.’ आणि वर्षभर हळूहळू द्यायचं शिक्षण महिन्याभरात उरकलं जातं. म्हणून पहिल्याच बैठकीत हात जोडून विचारा: हा चालू प्रकल्प म्हणून घेता येईल का? हा प्रश्न विचारणाऱ्या संस्थेला नियम कळतात, हेही त्यांना समजतं.

खाणी असलेल्या जिल्ह्यांत, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, यवतमाळ इथं, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी असतो आणि आरोग्य हा त्याच्या अग्रक्रमाच्या विषयांत येतो. तिथं संस्थेनं थेट अर्ज करण्यापेक्षा प्रस्ताव जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडं गेलेला बरा. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या ग्रामसभा कायद्याखालच्या, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून 5 टक्के अबंध निधी येतो, त्यातून अख्खं प्रशिक्षण होणार नाही, पण वजनकाटा आणि त्याची दुरुस्ती ग्रामसभेच्या ठरावानं होऊ शकते. गावाचे पाच हजार रुपये घातलेले दिसले की बाहेरच्या देणगीदाराचा विश्वास पाच लाखांचा होतो. टाटा ट्रस्ट्स, अझीम प्रेमजी फाउंडेशन असे मोठे न्यास दीर्घ मुदतीचा विचार करतात, पण त्यांची छाननीही खोलवर जाते. तिथं घाईनं जाऊ नका.

परदेशातल्या पैशाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथं भल्या माणसांच्या हातून चुका होतात. अमेरिकेत, आखातात, इंग्लंडमध्ये असलेले गावचे लोक मनापासून विचारतात, ‘किती पाठवू?’ भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. पण त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही, ती विदेशी ठरते आणि संस्थेकडं विदेशी अंशदान कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी लागते. तिकडच्या मराठी मंडळाकडून आलेला पैसाही विदेशीच. म्हणून पैसे खात्यात येण्याआधी पासपोर्टची प्रत मागा, संकोच करू नका. एफसीआरए असेल तर पैसा आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा, 2020 च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. प्रशिक्षकांचा पगार प्रशासकीय धरायचा की कार्यक्रमाचा, हे सीएकडून आधीच लेखी घेऊन ठेवा.

अंदाजपत्रक

इथं जरा थांबा, कारण देणगीदार आधी हाच कागद उघडतो. 40 जणींचा एक वर्षाचा नमुना मांडते. दर आमच्याकडचे आहेत, तुमच्या भागात वेगळे असतील.

वर्गाचा भाग असा. पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या म्हणजे 20 दिवस, 40 जणींचे 800 दिवस झाले. राहणं-जेवण दिवसाला 350 प्रमाणे 2,80,000. बुडीत मजुरी 400 प्रमाणे 3,20,000. येण्याजाण्याचे प्रत्येक फेरीला 200 प्रमाणे 32,000. तान्ह्या बाळांना घेऊन येणाऱ्यांसोबत सासू किंवा बहीण येते, अशा 10 सोबतिणींचं राहणं-जेवण 70,000. साहित्याची पिशवी प्रत्येकी 3,000 प्रमाणे 1,20,000. एकूण 8,22,000.

वर्गानंतरचा भाग असा. दोन प्रशिक्षक, महिना 28,000 प्रमाणे बारा महिने, 6,72,000. त्यांचा गावोगावचा प्रवास प्रत्येकी महिना 5,000 प्रमाणे 1,20,000. आठ महिने दर महिन्याला एक दिवसाची उजळणी बैठक, मजुरी, भाडं आणि जेवण मिळून प्रत्येकी 700 प्रमाणे 2,24,000. साहित्याची दुरुस्ती, सेल, नव्या नोंदवह्या, प्रत्येकी वर्षाला 1,000 प्रमाणे 40,000. एकूण 10,56,000.

हिशेबनीस, कार्यालय आणि लेखापरीक्षण 1,50,000, बाहेरच्या माणसाकडून कौशल्यांची तपासणी 75,000. सगळं मिळून 21,03,000, म्हणजे एका बाईमागे वर्षाला साधारण साडेबावन्न हजार.

पहिली कात्री बुडीत मजुरीवर येते. ‘त्यांना मोबदला मिळतोच ना?’ असं विचारलं जातं. आशेचा मोबदला बराचसा कामावर ठरतो. ती पाच दिवस वर्गात बसली तर त्या दिवसांची कामं जातात, शेतावरची मजुरी वेगळी जाते. गरीब बाईनं आपल्या पदरचे पैसे घालून शिकावं, ही अपेक्षा आपण कुठल्याही कंपनीच्या कर्मचाऱ्याकडून करत नाही. हे मी बैठकीत शांतपणे सांगते आणि ही रक्कम सोडत नाही.

दुसरी कात्री प्रशिक्षकांच्या पगारावर येते. 40 जणींना महिन्यातून एकदा घरी जाऊन भेटायचं तर एका प्रशिक्षकाच्या वाट्याला 20 भेटी येतात. डोंगरात दिवसाला एक, फार तर दोन. त्यावर वर्गाची तयारी, उजळणी बैठक, नोंदी. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की दोन माणसं का हवीत हे वेगळं पटवावं लागत नाही. तरीही रक्कम कमी करायचीच असेल तर बायका कमी करा. चाळीसच्या पंचवीस करा, पण भेटी तोडू नका.

हे आमच्या मनचं नाही. जामखेडला 1970 पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी उभ्या केलेल्या कामात गावोगावच्या, अनेकदा निरक्षर बायका केंद्रावर पुन्हा पुन्हा येऊन शिकत राहिल्या. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, 1999 साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले: तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानानं 62 टक्क्यांनी खाली होता. त्या आरोग्यदूतांच्या कामावर नियमित देखरेख होती. आज देशभरच्या आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. त्या गृहभेटींची मुळं गडचिरोलीत आहेत. अर्जात हे दोन परिच्छेदांत लिहा. महाराष्ट्रातच तपासून पाहिलेली पद्धत आपण मागतो आहोत, याचं वजन पडतं.

अर्ज लिहिताना

आधी दोन पानांची संकल्पना टिपणी पाठवा, चाळीस पानांचा प्रस्ताव मागितल्याशिवाय नको. पहिल्या पानावर प्रश्न, गावं, बायका किती, त्या वर्षाअखेर काय करू शकतील, एकूण रक्कम. दुसऱ्यावर पद्धत, वेळापत्रक, जिल्हा परिषदेच्या पत्राची स्थिती, संस्थेची ओळख. कंपनीला बहुधा इंग्रजीत लागतं, पण आधी मराठीत लिहा आणि प्रशिक्षकांना वाचून दाखवा. त्यांना जे कळत नाही ते बहुतेक वेळा आपल्यालाच नीट ठरवता आलेलं नसतं.

उद्दिष्टं मोजता येतील अशी, पण आपल्या हातातली लिहा. ‘एका वर्षात बालमृत्यू निम्मे करू’ असं लिहू नका. चाळीस गावांत वर्षभरात होणाऱ्या मृत्यूंचा आकडा इतका लहान असतो की एखाद्या साथीनं तो वरखाली होतो, आणि खोटी आशा दाखवल्यासारखं होतं. त्याऐवजी लिहा: 40 पैकी किमान 34 जणी सहा महिन्यांनीही प्रशिक्षकाच्या मोजणीशी जुळतील असे श्वास मोजतील, वजन बरोबर घेतील, धोक्याची लक्षणं ओळखून चिठ्ठी देऊन पाठवतील. वर्गाआधी आणि वर्गानंतरच्या लेखी परीक्षेवर विसंबू नका. पाठांतर पाचव्या दिवशी सगळ्यांचंच चांगलं असतं.

वेळापत्रक शेती आणि स्थलांतर पाहून करा. भात लावणीच्या दिवसांत वर्ग ठेवला तर बायका येणार नाहीत, आणि आल्या तर मन तिकडं असेल. दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला अख्खी गावं निघतात. पावसाळ्यात नाल्यांना पूर आले की काही पाड्यांचा रस्ता तुटतो. लसीकरणाचे दिवस आणि पोलिओची मोहीम वगळा. हे सगळं वगळून जे दिवस उरतात ते वर्षाच्या तक्त्यावर रंगवून जोडा. निधीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि पहिला हप्ता बऱ्याचदा जुलै-ऑगस्टला येतो, हेही धरून चला. हप्ता उशिरा आला तर दोन महिन्यांचे पगार कुठून देणार, याचं उत्तर संस्थेच्या कार्यकारिणीत आधी ठरवा.

आणि भाषा. धडगावात पावरी, मेळघाटात कोरकू, भामरागडात माडिया बोलणाऱ्या बायकांना पुस्तिकेतलं मराठी परकं वाटतं. दुभाषी नको, त्या भाषेत बोलणारी प्रशिक्षकच हवी. ती पदवीधर नसेल, तरी पगार तोच ठेवा.

पैसे आल्यावर

स्वतंत्र खातेवही, शक्यतो स्वतंत्र बँक खातं. बुडीत मजुरी रोख नको, थेट प्रत्येकीच्या खात्यात. पहिल्या दिवशी हजेरीसोबत पासबुकची प्रत घ्या, अर्ध्या जणींचं खातं केवायसीअभावी बंद निघतं आणि ते सुरू करायला आठवडा जातो. प्रत्येक पावतीमागे कोणती फेरी, कोणतं गाव हे पेन्सिलीनं लिहून ठेवा. वर्षाअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र देताना सीए तुम्हाला दुवा देईल. एका शीर्षातला पैसा दुसऱ्यात वळवायचा असेल तर खर्चाआधी ईमेलनं परवानगी घ्या, फोनवरचं ‘हो’ हिशेबतपासणीत चालत नाही.

अहवालात बाळांची, आयांची नावं आणि चेहरे देऊ नका. गावाचंही नाव कधीकधी नको, लहान पाड्यावर कोणाचं मूल दगावलं हे नावाशिवायही कळतं. देणगीदार फोटो मागतात. वर्गाचे, आशेच्या हातातल्या काट्याचे, नोंदवहीचे द्या, तेही तिला विचारून.

चुकलेलंही लिहा. आम्ही एका अहवालात लिहिलं होतं की 40 पैकी 9 जणी सहा महिन्यांनी वजन चुकीचं घेत होत्या, कारण आम्ही आणलेल्या काट्यांची स्प्रिंग सैल होत होती. मला भीती वाटली होती. उलट देणगीदारानं नव्या काट्यांना मंजुरी दिली आणि पुढच्या वर्षाचं बोलणं स्वतःहून काढलं.

त्या पुढच्या वर्षाचा अर्ज डिसेंबरात लिहायला घ्या, मार्चमध्ये नाही. त्यात 40 जणींचा तक्ता जोडा, नावाऐवजी क्रमांक घालून: कोणतं कौशल्य टिकलं, कोणतं सुटलं, किती घरभेटी झाल्या, कोण काम सोडून गेली आणि का. सोडून गेलेल्यांच्या जागी आलेल्या नव्या बायकांसाठी पहिल्यापासून चारही फेऱ्या मागा, बाकीच्यांसाठी फक्त उजळणी आणि भेटी. दुसऱ्या वर्षाची रक्कम त्यामुळं कमी होते, आणि ती का कमी झाली हे तक्त्यावरून दिसतं. तक्ता पाठवण्याआधी तो महिन्याच्या बैठकीत बायकांसमोर ठेवा. आपल्या ओळीत काय लिहिलंय ते प्रत्येकीनं पाहायला हवं, आणि पटलं नाही तर तिथंच काटा हातात घेऊन दाखवायला हवं.